आठवीतला मुलगा शाळेत जायला तयार नाही. बुद्धी आहे, पण ‘मला जमणार नाही’ एवढेच म्हणतो

प्रश्न : एक आई, विश्रामबाग, सांगली

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा आठवीत आहे. सातवीपर्यंत तो तासगाव तालुक्यातील आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत त्याचे नाव गुणवत्ता यादीत होते आणि अभ्यासासाठी त्याच्या मागे लागावे लागले, असे कधी झाले नाही. यजमानांच्या नोकरीमुळे जूनमध्ये आम्ही सांगलीला राहायला आलो आणि त्याला येथील एका मोठ्या शाळेत सेमी-इंग्रजीच्या तुकडीत घातले. गणित आणि विज्ञान एकदम इंग्रजीतून सुरू झाले. पहिल्या घटक चाचणीत गणितात फारच कमी गुण पडले. त्यानंतर एके दिवशी सरांनी त्याला समांतर रेषांवरचे उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावले. उदाहरण येत होते, असे तो आजही सांगतो. पण ते मोठ्याने वाचताना ‘ट्रान्सव्हर्सल’ (छेदिका) या शब्दाशी तो दोनदा अडखळला, मागच्या बाकांवर हशा पिकला आणि तो खडू हातात धरून तसाच उभा राहिला.

तेव्हापासून आधी सोमवारी, मग गणिताचा तास असेल त्या दिवशी आणि आता दिवाळीच्या सुट्टीनंतर जवळजवळ रोजच सकाळी पोटात दुखते, मळमळते. शाळा अकराची आहे. साडेदहाला तो एका पायात मोजा घालून कॉटवर बसून राहतो आणि दुसरा मोजा हातातच असतो. बारा वाजले की दुखणे थांबते. डॉक्टरांनी तपासले, रक्त-लघवीचे अहवाल नीट आहेत, सोनोग्राफीतही काही निघाले नाही.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट पुढेच आहे. दिवाळीत गावी गेलो तेव्हा माझ्या दिरांच्या द्राक्षबागेची फवारणीची वही यानेच सांभाळली. छाटणीनंतरचा कितवा दिवस, पाने किती आली, ढगाळ हवा आहे का, कोणते औषध, टाकीला किती मिली, असे सगळे तो न सांगता रोज लिहीत होता आणि औषधाचा हिशेब तोंडी करून काकांना सांगत होता. तोच मुलगा गणिताच्या पुस्तकाला हात लावायचा म्हटले की ‘मला जमणार नाही’ म्हणतो. हा आळस आहे, भीती आहे की आणखी काही? त्याचा आत्मविश्वास परत येईपर्यंत थांबावे, की रेटून पाठवावे? मराठी माध्यमाच्या तुकडीत बदलून घ्यावे का? कृपया अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे.

उत्तर : एक आजोबा, विटा

ताई, राग मानू नये, स्पष्ट लिहितो. मुलाला घरी बसल्यावर गरम जेवण, टीव्ही आणि मोबाईल मिळत असेल, तर तो शाळेत कशाला जाईल? आमच्या काळी पोट दुखले तरी वडील हाताला धरून शाळेच्या दारात सोडून येत आणि दोन फटके मिळाले तर घरी येऊन सांगायची सोय नव्हती. आत्मविश्वास वगैरे हे मोठे शब्द झाले. मुलाला शिस्त नाही, एवढाच याचा अर्थ आहे. दोन दिवस कडक राहा, गाडी रुळावर येईल.

उत्तर : शालेय समुपदेशक, मिरज

ताई, आपण वर्णन इतके नेमके केले आहे की निम्मे काम झालेच आहे. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी की हे दांडी मारणे नव्हे. दांडी मारणारा मुलगा दप्तर घेऊन घरातून निघतो, शाळेत पोहोचत नाही आणि घरी ते कळू नये याची काळजी घेतो. आपला मुलगा घरातच आहे, आपल्याला सगळे माहीत आहे आणि शाळेच्या वेळेला तो खरोखर अस्वस्थ होतो. १९६९ मध्ये बर्ग आणि सहकाऱ्यांनी या अवस्थेची जी लक्षणे मांडली, त्यांत हाच फरक मध्यवर्ती होता : शाळेत जाण्यात तीव्र अडचण, भावनिक त्रास, पालकांना ठाऊक असताना घरी राहणे आणि चोरी, खोटेपणा यांसारख्या समाजविघातक वर्तनाचा अभाव. पोटदुखीही खोटी नसते. भीतीने आतड्यांवर परिणाम होतो आणि ज्या गोष्टीची भीती असते तिची वेळ टळली की दुखणे ओसरते. म्हणून ‘नाटक करतोस’ हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये.

दुसरा प्रश्न असा की घरी राहून त्याला काय मिळते? कीर्नी आणि सिल्व्हरमन यांनी १९९० मध्ये शाळा टाळण्याची चार कारणे मांडली, ती आजही उपयोगी पडतात. शाळेतल्या एखाद्या गोष्टीने होणारी घालमेल टाळणे, चारचौघांत आपली परीक्षा होण्याचा प्रसंग टाळणे, घरच्यांचे लक्ष मिळवणे आणि शाळेबाहेर मिळणारे सुख, ही ती चार. पहिली दोन ‘कशापासून तरी सुटका’ या प्रकारची आहेत आणि नंतरची दोन ‘काहीतरी मिळणे’ या प्रकारची. आपल्या मुलाचे मूळ कारण मला दुसरे दिसते : फळा, मोठ्याने वाचन आणि हशा. मात्र महिनाभर घरी राहिल्यावर चौथे कारण हळूहळू त्याला येऊन मिळते, आणि तेवढ्यापुरते विट्याच्या आजोबांचे म्हणणे खोटे नाही. शाळेच्या वेळेत घर हे मजेचे ठिकाण असू नये. फटक्यांच्या बाबतीत मात्र मी सहमत नाही. ज्याला चारचौघांत लाज वाटल्याची भीती आहे, त्याच्या भीतीत मारामुळे भरच पडते. शाळेपुरते बोलायचे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. आत्मविश्वास परत येईपर्यंत थांबावे का, असे आपण विचारता. माझे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे, कारण घरी बसून आत्मविश्वास येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचे चार स्रोत सांगितले : स्वतः केलेल्या कामात आलेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांत सर्वांत बळकट स्रोत पहिला. आपण सगळे मात्र तिसऱ्यावर विसंबतो. ‘तू हुशार आहेस, तुला सगळे जमेल’ हे रोज ऐकवतो, आणि मुलगा मनात म्हणतो की फळ्यापाशी काय झाले ते आईला कुठे माहीत आहे. टाल्स्मा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये, एकाच विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा तपासणारी अनेक संशोधने एकत्र करून पाहिले, तेव्हा आधीच्या कामगिरीचा नंतरच्या विश्वासावर होणारा परिणाम हा विश्वासाच्या कामगिरीवरील परिणामापेक्षा सुमारे तिप्पट निघाला. लहान मुलांच्या बाबतीत तर पहिलीच दिशा स्पष्ट दिसली. विश्वासाने काहीच होत नाही, असा याचा अर्थ नाही. मोठ्या विद्यार्थ्यांत दोन्ही बाजूंनी देवघेव चालते. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आधी काहीतरी प्रत्यक्ष जमले पाहिजे, आणि तेही शाळेच्या चार भिंतींत.

याची उलट बाजूही लक्षात घ्या. ज्या दिवशी तो घरी राहतो, त्या दिवशी बारा वाजता त्याला सुटल्यासारखे वाटते. ते हायसे वाटणेच उद्या पुन्हा घरी राहायला शिकवते. दरम्यान वर्गात दोन धडे पुढे जातात, म्हणून परत गेल्यावर खरोखरच कळत नाही, चाचणीत गुण खरोखरच कमी पडतात, आणि जे आधी केवळ मनात होते त्याला पुरावा मिळतो. गुणांची घसरण बहुतेक वेळा अशा रीतीने होते. बुद्धी कमी झालेली नसते.

फवारणीच्या वहीबद्दल वाचून मला फार बरे वाटले. बांडुरा यांच्या मांडणीत हा विश्वास सरसकट नसतो, तो कामागणिक वेगळा असतो. त्यामुळे बागेत ठाम असलेला मुलगा गणिताच्या तासाला गळून जातो यात विसंगती काहीच नाही. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी स्वनियमनाचे, म्हणजे स्वतःचे काम स्वतःच आखून पार पाडण्याचे, तीन टप्पे सांगितले आहेत : कामाआधीचा आराखडा, काम चालू असताना स्वतःवर ठेवलेले लक्ष आणि नंतरची पडताळणी. आपल्या मुलाने ढगाळ हवा पाहून फवारणीचा दिवस सुचवला, मात्रा लिहून ठेवली आणि नंतर पाने उलटून डाऊनी या बुरशीजन्य रोगाचे डाग वाढले की थांबले ते पाहिले असेल, तर त्याला तिन्ही टप्पे येतात. त्याच्याकडे शिस्त नाही असे म्हणताच येणार नाही. त्याला हे नव्याने शिकवायचे नसून बागेतून अभ्यासाच्या टेबलापर्यंत आणायचे आहे. (जाता जाता : वही त्याच्याकडे जरूर असू द्या, पण औषध कालवताना आणि फवारताना त्याला जवळ उभे करू नका.)

करायचे ते असे. त्याच्याशी निवांत वेळी, शक्यतो सायंकाळी आणि शाळेचा विषय पेटलेला नसताना बोला. वर्गात किंवा वाटेत कोणी चिडवते, दमदाटी करते का, हे स्वतंत्रपणे विचारा, कारण तसे असेल तर आधी शाळेने ते थांबवले पाहिजे. डोळे तपासून घ्या. फळ्यावरचे दिसत नसणे हे कारण आश्चर्य वाटावे इतक्या वेळा निघते. त्यानंतर शाळेशी बोलून परतण्याचा चढता क्रम ठरवा. एकदम पूर्ण दिवस नको, आणि अनिश्चित काळाची रजाही नको.

उत्तर : निवृत्त गणित शिक्षक, सातारा

समुपदेशक मॅडमनी जे लिहिले त्यात शाळेच्या बाजूने थोडी भर घालतो. माझी सगळी नोकरी माध्यमिक वर्गांवर गेली आणि अशी मुले दरवर्षी दिसत. विशेषतः पाचवीत आणि आठवीत, म्हणजे गावची शाळा सुटून मोठ्या शाळेत पाऊल पडते तेव्हा.

पालकांना फळा दिसतो, हशा दिसतो, पण एक गोष्ट सहसा दिसत नाही, ती म्हणजे अपूर्ण वह्या. मूल आठवडाभर गैरहजर राहिले की सात-आठ विषयांच्या वह्या रिकाम्या राहतात. परत आल्यावर प्रत्येक तासाला एक शिक्षक ‘वही पूर्ण करून आण’ म्हणतात. त्यांचे चुकत नाही, ते आपापल्या विषयापुरतेच बोलत असतात. पण मुलाच्या डोक्यावर एका दिवसात आठ कर्जे चढतात. मग ते रात्री अकरापर्यंत उतरवून काढते, त्यातले काहीही त्याला कळत नाही, सकाळी झोप पुरी झालेली नसते आणि दहा वाजता पोट दुखते. म्हणून ताई, वर्गशिक्षकांना भेटाल तेव्हा पहिली विनंती हीच करा की जुन्या वह्या माफ व्हाव्यात. नवी वही घ्यावी, तिच्यावर आजची तारीख घालावी आणि तेथून पुढे लिहावे. मागचे पाहायचे तर मित्राच्या वहीची झेरॉक्स पुरे.

दुसरी विनंती फळ्याची. काही आठवडे त्याला फळ्यापाशी बोलावू नये आणि मोठ्याने वाचायला उभे करू नये. त्याऐवजी त्याने दोन उदाहरणे वहीत सोडवून सरांना तासाच्या शेवटी दाखवावीत आणि सरांनी तेथेच तपासावीत. ही कायमची सवलत नसावी. पुढे त्याने मित्राबरोबर जोडीने फळ्यावर जावे आणि मग एकट्याने. ज्या फळ्यापाशी तो अडला, त्याच फळ्यावर एक उदाहरण पुरे होणे हे शेवटी आवश्यकच आहे.

परतण्याचा क्रम शक्यतो त्याच्या आवडीच्या तासापासून लावावा. मराठी, इतिहास किंवा चित्रकला ज्या वेळेला असेल, त्या वेळेला दोन तास बसावे. ते जमले की मधल्या सुट्टीसकट अर्धा दिवस, मग परिपाठापासून पूर्ण दिवस. मधली सुट्टी लवकर घालावी, कारण वर्गापेक्षा मैदानावर एकटे पडण्याचे दुःख मोठे असते. डबा खायला एक सोबती शिक्षकांनीच जोडून द्यावा, आणि तो शक्यतो गावाकडून आलेलाच असावा. असा मुलगा दोन वर्षांपूर्वी अडखळत होता आणि आता सावरला आहे, हे डोळ्यांनी दिसले तर आम्ही मोठ्यांनी दिलेल्या दहा भाषणांचे काम होते. त्रास वाटल्यास जाऊन बसायची एक जागा ठरलेली असावी, ग्रंथालय किंवा कार्यालय. घर मात्र नव्हे.

गणितासाठी एक सुचवतो. आठवीच्या पुस्तकात ‘चलन’ नावाचे प्रकरण आहे : समचलन आणि व्यस्तचलन. ते पहिल्या सत्रात होऊन गेले असेल, तरी त्याने अभ्यास तेथूनच सुरू करावा. शंभर लिटर पाण्याला अमुक मिली औषध, तर सहाशे लिटरच्या टाकीला किती, हेच तर समचलन. चार फवारणी यंत्रांना बागेला तीन तास लागतात, तर सहा यंत्रांना किती, हे व्यस्तचलन. आधी मराठीत सोडवू द्या, मग तेच उदाहरण इंग्रजी पुस्तकातून वाचू द्या. सेमीच्या मुलांचे गणित अडत नाही, वाक्य अडते. प्रत्येक प्रकरणाचे दहा-पंधरा शब्द एका पानावर इंग्रजी-मराठी शेजारी शेजारी लिहून ते पान वहीला चिकटवले की निम्मी भीती जाते.

तुकडी बदलण्याविषयी माझे मत असे की आत्ता बदलू नये. भीतीच्या भरात केलेला बदल म्हणजे मुलाच्या दृष्टीने पळण्यावर मोहोर उठवणे होते. तो नियमित जाऊ लागला आणि तरीही सेमी झेपत नाही असे दिसले, तर उन्हाळ्यात त्याला बरोबर घेऊन निर्णय करावा. मराठी माध्यमातून पुढे जाण्यात कमीपणा काहीच नाही. मी स्वतः मराठीतूनच गणित शिकलो आणि शिकवले.

आमच्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. वसतिगृहातली मुले शेतात, बांधकामावर राबून शिकत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे त्या संस्थेचे वाक्य प्रसिद्धच आहे. मला त्यात नेहमी हे दिसत आले की ज्या घरांत शाळेची पायरी कोणी चढली नव्हती, त्या घरांतल्या मुलांना ‘आपल्याला जमते’ हे आधी हाताला कळले आणि मग पुस्तकापुढे बसताना उपयोगी पडले. आपल्या मुलाच्या हाताला ते आधीच कळले आहे.

प्रश्नकर्ती : विश्रामबाग, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. मॅडम, डोळे तपासले, डाव्या डोळ्याला थोडा नंबर निघाला. चष्मा करायला टाकला आहे. चिडवण्याबद्दल विचारले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला की ‘ट्रान्सव्हर्सल’ हेच आता दोन मुलांनी त्याचे नाव ठेवले आहे. वर्गशिक्षिकांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी त्या मुलांशी बोलण्याचे मान्य केले. वह्यांचेही त्यांनी लगेच मान्य केले. गणिताचे सर थोडे नाराज दिसले, ‘एकाला सवलत दिली की सगळे मागतात’ असे म्हणाले, पण फळ्याचे त्यांनी शेवटी ऐकले. गुरुवारी तो मराठी आणि इतिहासाच्या तासाला बसून आला. शुक्रवारी पुन्हा नाही म्हणाला.

आणखी तीन शंका आहेत. सकाळी नेमके काय बोलावे, हे मला कळत नाही. समजावत बसले की साडेअकरा होतात. आठवीला आता नापास करतात असे ऐकले, तर इतक्या गैरहजेरीने वर्ष जाईल का? आणि नात्यातले एक जण म्हणतात की शाळा सोडवा, क्लास लावा आणि पुढे १७ नंबरचा (खासगी विद्यार्थ्याचा) फॉर्म भरून दहावीला बसवा. हे योग्य आहे का?

उत्तर : एक पालक, कराड

ताई, सकाळच्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण आमच्या मुलीच्या सातवीत आम्ही यातून गेलो आहोत.

सकाळ ही बोलण्याची वेळच नाही. आमच्याकडे समुपदेशकांनी पहिला नियम असा घातला की शाळेबद्दल जे काही ठरवायचे ते आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत ठरेल आणि सकाळी त्यावर चर्चा होणार नाही. संध्याकाळी मुलगी स्वतः एका वहीत तीन ओळी लिहायची : उद्या कोणत्या तासांना बसणार, त्यांतले अवघड काय, आणि अडले तर काय करणार. परत आल्यावर चौथी ओळ : प्रत्यक्षात काय झाले. सुरुवातीला तिने ‘सगळे हसतील’ असे लिहिले आणि परतल्यावर ‘एकजण हसला, बाईंनी दुसरेच विचारले’ असे. ते दोन्ही तिच्याच अक्षरांत शेजारी शेजारी होते, त्यामुळे आम्हाला काही पटवून द्यावे लागले नाही. दप्तर, गणवेश, डबा, सायकलची हवा, सगळे रात्रीच. सकाळी फक्त ‘दहा वाजले, बूट घाल’ अशी छोटी वाक्ये, तीही शांतपणे. पोट दुखते म्हणाली तर ‘हो, दुखत असेल; शाळेत पोहोचल्यावर थोड्या वेळाने थांबते’ एवढेच.

दुसरे असे की सोडायला कोण जाते, याने फार फरक पडतो. माझ्याबरोबर निघताना ती दारातच कोसळायची. यजमान किंवा रिक्षाकाका आले की निघायची. आई वाईट असते म्हणून नव्हे, आईपाशी रडता येते म्हणून.

एखाद्या दिवशी गेलीच नाही, तर शाळेच्या वेळेत टीव्ही बंद, मोबाईल यजमानांबरोबर कामावर, आणि टेबलावर पुस्तके. रागावणेही नाही आणि कौतुकही नाही. यात आमच्या सासूबाईंना सर्वांत जड गेले, कारण पोर घरी आहे म्हटल्यावर त्या अकरा वाजता गरम थालीपीठ करून देत. त्यांना सांगितले की थालीपीठ शाळा सुटल्यावर द्या. मग ते रोज संध्याकाळी होऊ लागले.

शुक्रवारी तो गेला नाही म्हणून खचू नका. सोमवार, सणाची सुट्टी संपल्यावरचा पहिला दिवस आणि आजारपणानंतरचा दिवस हे हमखास घसरणीचे. तेव्हा मागच्या पायरीवर यायचे, म्हणजे दोन तासांवर, पण शून्यावर नाही.

उत्तर : शालेय समुपदेशक, मिरज

कराडच्या ताईंनी लिहिलेली चार ओळींची वही म्हणजे झिमरमन यांचे तीन टप्पेच आहेत. आपल्या मुलाने ती फवारणीच्या वहीच्या धर्तीवर आखली तर उत्तम. हवामानाच्या रकान्यात ‘भीती, दहापैकी किती’ असे लिहू द्या आणि तो आकडा शाळेत जाण्यापूर्वी आणि घरी आल्यावर असा दोनदा नोंदवू द्या. टोपणनावाची बाब वर्गशिक्षिकांनी मनावर घेतली आहे, हे सर्वांत महत्त्वाचे झाले. आठवड्याने पुन्हा विचारा, कारण मुले अशी नावे शिक्षकांसमोर बंद करतात आणि मैदानावर चालू ठेवतात.

नापास होण्याविषयी : शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्याप्रमाणे महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आली. अनुत्तीर्ण झालेल्यांना लगेच वर्ष गमवावे लागत नाही, पुनर्परीक्षेची संधी मिळते. शिवाय प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. तेव्हा आत्ता डिसेंबरात गुणांची चिंता बाजूला ठेवा आणि फक्त वर्गात बसलेले तास मोजा. तास वाढले की गुण मागाहून येतात, मात्र सर्वच विषयांत एकदम नाही. वर्षअखेर कोणते विषय पक्के करायचे, हे फेब्रुवारीत वर्गशिक्षिकांबरोबर बसून ठरवा.

१७ नंबरचा फॉर्म ही चांगली सोय आहे, पण ती ज्यांना परिस्थितीमुळे शाळा सोडावी लागली त्यांच्यासाठी आहे. आपल्या मुलाने आत्ता शाळा सोडली तर त्याला गणित क्लासमध्ये कदाचित येईलही. पण फळा, अनोळखी वर्ग आणि हशा यांची भीती तशीच राहील आणि अकरावीच्या दारात पुन्हा उभी ठाकेल. नातेवाइकांना नम्रपणे नाही म्हणा.

मोबाईलबद्दल आपण काही लिहिले नाही, तरी रात्री तो त्याच्या खोलीत असू नये. झोपेची वेळ सुट्टीतही फार सरकू देऊ नका. दिवाळीनंतर बिघडलेल्या सकाळींमागे उशिराचे झोपणे हे एक कारण असतेच.

चढता क्रम सुरू करून तीन-चार आठवडे झाले आणि तासांचा आकडा हलत नसेल, किंवा तो जेवेनासा झाला, झोप उडाली, आवडती कामेही सोडली, तर बालमानसतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. भीतीचा सामना टप्प्याटप्प्याने करायला शिकवणारी आणि विचारांवर काम करणारी वर्तनोपचार पद्धत या त्रासात बरीच उपयोगी पडते आणि बहुतेक मुलांना गोळ्यांची गरज लागत नाही. जगण्याचा कंटाळा आल्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे काही बोलला, तर मात्र आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

सोमवारी त्याला मराठीच्या तासालाच पाठवा, गणिताची घाई नको. आणि त्या गणिताच्या सरांना चलनाच्या प्रकरणातली त्याची सोडवलेली दोन उदाहरणे वर्गशिक्षिकांच्या हातून आधीच दाखवून ठेवा, म्हणजे तो त्यांच्या तासाला बसेल तेव्हा त्याला काय येते हे त्यांना ठाऊक असेल.